मऊ तळ

सात ऑक्टोबर २०३९, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. ‘अन्वेषिका’ या नौदलाच्या सर्वेक्षण जहाजाच्या उजव्या कडेला उभं राहून चीफ पेटी ऑफिसर गुरुनाथ कुबलने समुद्रात सोडलेलं शिसं वर ओढलं. दोरीवरची खूण बावीस वावांची होती. म्हणजे चाळीस मीटर वीस सेंटिमीटर. मागे उभ्या असलेल्या लेफ्टनंट डिमेलोने हातातल्या पडद्यावर पाहिलं. यंत्राने सांगितलेली खोली होती चाळीस मीटर वीस सेंटिमीटर.

टाळ्या पडल्या.

मोसमातला पहिला ठाव हाताने घ्यायचा, ही ‘अन्वेषिका’ची रीत. जहाजाच्या पोटाखालून दर मिनिटाला हजारो वेळा आवाजाचे झोत तळाकडे जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून समुद्राचा तळ पडद्यावर उमटतो, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तरी पावसाळ्यानंतर जहाज कामाला निघालं की पहिल्या दिवशी नारळ वाहायचा आणि सगळ्यात जुन्या माणसाने शिशाचं वजन दोरीला बांधून तळाला टेकवायचं. वजनाच्या बुडाला खळगा असतो. त्यात पूर्वी चरबी भरत, आता धुण्याचा साबण भरतात. तळाची रेती, चिखल, शिंपल्यांचे तुकडे त्याला चिकटून वर येतात. ते ताटलीत घालून कप्तानाला दाखवायचं, कप्तानाने “ठीक” म्हणायचं आणि मग सगळ्यांनी शिरा खायचा. यातून काही कळेल अशी कोणाची अपेक्षा नसते.

या वेळी ताटली पुढे करायला गुरुनाथचा हात धजेना. साबणाला राखाडी चिखल होता, तो नेहमीचाच. पण शिशाच्या वरची दहा फूट दोरी दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा पिवळट, अर्धवट पारदर्शक थर होता. सर्दी पिकल्यावर नाकातून येतं तसं काहीतरी. तो थर गळत नव्हता, लोंबत होता. लोंबता लोंबता लांबत होता. त्यात कोळंबीचे डोळे होते, काळे, टाचणीच्या डोक्याएवढे. एक दातांचा ब्रश होता. त्याचे केस विरघळून गेले होते आणि दांडी चघळून थुंकलेल्या च्युइंग गमसारखी मऊ पडली होती. आणि वास. कुजक्या अंड्यांचा, गटाराचा, वर थोडासा गोडसर.

“चीफ,” डिमेलो नाकावर रुमाल धरून म्हणाला, “आपण नारळ दिला आणि समुद्राने शेंबूड परत केला की!”

डिमेलो वसईचा, तिशीतला, जहाजावरच्या सगळ्या आकडेवारीचा मुख्य. त्याच्या विनोदावर डेकवरची सगळी हसली. गुरुनाथ हसला नाही. ‘शेंबूड’ हा शब्द त्याने आठवड्यापूर्वीच ऐकला होता, धाकट्या भावाच्या तोंडून.

कप्तान कमांडर नीरजा देवस्थळी यांनी दोरीकडे एकदाच पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

“खोली जुळली ना?”

“जुळली, मॅडम. बोटभरही फरक नाही.”

“ठीक,” त्या म्हणाल्या. शिरा मात्र त्यांनी घेतला नाही. त्या दिवशी कोणीच घेतला नाही.

*

तो थर काय होता, हे डेकवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोलून कोणी दाखवलं नाही, इतकंच.

सहा वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावर ‘निर्मळ’ नावाची योजना आली. प्रयोगशाळेत बदल घडवलेले जिवाणू समुद्रात सोडायचे. ते प्लॅस्टिकला चिकटतात, त्यावर जगतात आणि त्याचं रूपांतर एका चिकट लगद्यात करतात. लगदा जड असतो, तळाला बसतो आणि तळावरचे साधे जिवाणू तो चाळीस दिवसांत खाऊन संपवतात. कागदावर हे बिनचूक होतं. टाक्यांत करून पाहिलं तेव्हाही बिनचूक ठरलं. दोन वर्षांत पुळणींवरच्या पिशव्या आणि बाटल्या दिसेनाशा झाल्या. पर्यटक आले, फोटो निघाले, योजनेला बक्षिसं मिळाली.

फक्त त्या टाक्यांत हवा सोडणाऱ्या नळ्या होत्या. आपल्या समुद्राच्या तळाला तशा नळ्या नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी अरबी समुद्राच्या खोलातलं, प्राणवायू जवळजवळ नसलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं आणि ऑक्टोबर सरेपर्यंत तळाशी बसून राहतं. त्या पाण्यात लगदा खाणारे जिवाणू गुदमरतात. त्यांच्या जागी दुसरे येतात, ज्यांना प्राणवायू लागत नाही. ते समुद्राच्या पाण्यातलं गंधक वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू थोडा असला तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. त्यापुढे आणखी दोन-चार श्वास, की माणूस जागच्या जागी कोसळतो.

लगदा संपत नव्हता. दरवर्षी वरून नवा थर बसत होता.

मग सहा वर्षं किनारा मोजणाऱ्या जहाजांना तो दिसला कसा नाही?

सव्वाअकरा वाजता गुरुनाथने डिमेलोला हाच प्रश्न विचारला. दोघे आलेखन कक्षात होते. गुरुनाथने तीनदा साबणाने हात धुतले होते, तरी बोटांच्या बेचक्यांत वास होता.

“सफाई व्हायच्या आधीचे प्रतिध्वनी उघडा, सर.”

“कशाला? खोली तर—”

“उघडा तरी.”

प्रतिध्वनी जसेच्या तसे कोणी पाहत नाही. त्यांत माशांचे थवे असतात, बुडबुडे असतात, जहाजाच्याच पंख्याचा आवाज असतो. हा कचरा काढून खरा तळ तेवढा ठेवायचा, याला सफाई म्हणतात. पूर्वी माणसं करत, बिंदू बिंदू निवडून. आता एक प्रणाली करते. आठ तासांचं काम चार मिनिटांत.

डिमेलोने सफाईचा थर बाजूला सारला. पडद्यावरच्या तळाच्या स्वच्छ निळ्या रेघेवर करड्या रंगाची लव उगवली. बुरशी लागलेल्या भाकरीवर असते तशी. तीन मीटर जाड, जहाज जिथून जिथून गेलं तिथे सगळीकडे.

“आईशपथ!” डिमेलो म्हणाला. “आणि हे सगळं प्रणालीने पुसलं? का?”

“कारण विचारा तिलाच.”

प्रणाली कारण सांगते, तिला तशीच बांधली आहे. डिमेलोने एका बिंदूवर बोट ठेवलं. उत्तर आलं: मऊ, विरळ, तळाला चिकटलेला प्रतिध्वनी, जहाजाच्या बुडाला धोका नाही, मासळी अथवा गढूळ पाणी समजून वगळला. आधार: प्रशिक्षणातील पूर्वनिर्णय. निर्णयकर्ता क्रमांक ०४१७.

०४१७ कोण, हे डिमेलोला माहीत होतं. गुरुनाथच्या छातीवरच्या पट्टीवर तोच आकडा होता.

प्रणाली शिकवायची ठरली तेव्हा वरच्यांनी खात्यातला सगळ्यात चांगला सफाईवाला शोधला होता. बारा वर्षं, लाखो बिंदू, एकही खडक सुटलेला नाही, एकही खोटा खडक घातलेला नाही. गुरुनाथला प्रशस्तिपत्र मिळालं, ते घरी देवघराच्या वर लावलेलं आहे. त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल यंत्राने उचलली. मऊ दिसलं की पुसायचं. चहाचा घोट घेत, पोतेरं मारावं तसं, समुद्राकडून किनाऱ्याकडे. त्या काळी ते बरोबरच होतं. तेव्हा मऊ म्हणजे तारली माशांचा थवा, नाहीतर पावसाळ्यातला गाळ. त्यात धोका काय असणार?

त्याने पडदा थोडा सरकवला. प्रत्येक रेघेच्या शेवटी, जहाज वळतं त्या जागी, शेवटचे तीन बिंदू न पुसता ठेवलेले होते. तीही त्याचीच सवय. वळताना यंत्र डगमगतं, तेव्हा तिथे हात लावायचा नाही. त्या तीन तीन बिंदूंत करडी लव शाबूत होती. सहा वर्षांच्या प्रत्येक चार्टाच्या कडेला ती शिल्लक होती आणि सगळ्यांनी तिला मासळी समजून सोडून दिलं होतं.

खोकल्याबरोबर आलेला बेडका रुमालात पाहावा तसं त्याने स्वतःचं काम पाहिलं. मग म्हणाला, “सर, मार्चमधला वेंगुर्ल्याचा भाग काढा. सव्वीस वावांची खळी.”

“तिथे काय आहे?”

“माझा भाऊ आहे.”

*

नंदकिशोर कुबल, गावात नंदू. ‘सातेरीप्रसाद’ हा त्याचा ट्रॉलर, त्यावर तो धरून सात माणसं. चतुर्थीला गुरुनाथ घरी गेला होता, तेव्हा जेवून उठल्यावर नंदूने विचारलं होतं, “तुम्ही एवढो समुद्र मोजतास, मगे भावाक एक बरी जागा दाखवूक काय होता?” आणि गुरुनाथने पानाला चुना लावता लावता दाखवली होती. मऊ तळाची बशीसारखी खळी, एकही खडक नाही, जाळं कुठे अडकायचं नाही. चार्टच होता तसा.

गेल्या आठवड्यात नंदूचा निरोप आला होता. आवाजात आनंद मावत नव्हता. जाळ्याबरोबर शेंबूड येतो, म्हणाला, हात घालवत नाही, पण कोळंबी बघशील तर वेडा होशील. दहा वर्षांत अशी मिळाली नाही. ती का मिळते, हे आता गुरुनाथला समजलं. तळाच्या पाण्यात श्वास घेता येत नाही म्हणून खळीतली कोळंबी पळून काठाशी गोळा होत होती. घराला आग लागल्यावर माणसं दारात दाटतात, तशी. आणि नंदू ती लगद्यासकट बोटीच्या पोटातल्या मासळीच्या खणात ओतत होता. वर बर्फ, वर झाकण.

डिमेलोने खळी उघडली. करडी लव सहा मीटर होती.

*

बारा वाजायला दहा मिनिटं असताना गुरुनाथ कप्तानांच्या खोलीत उभा होता.

“किती चार्टांवर तुमची सही आहे, कुबल?”

“हाताने केलेले सोडले तर एकसष्ट, मॅडम. सगळे प्रणालीचे. तपासणीची सही माझी.”

“सफाई चुकली असं तुम्ही लिहून दिलंत तर एकसष्टच्या एकसष्ट मागे घ्यावे लागतील. कल्पना आहे ना? निवृत्तीला किती राहिले?”

“चौदा महिने.”

“आणि खोली एकाही ठिकाणी चुकलेली नाही.”

“नाही, मॅडम. आकडा बरोबर आहे. आकड्यावर काय बसलंय, ते आपण पुसलं. मी पुसलं.”

देवस्थळींनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिहा. हाताने लिहा. मी तोवर इशारा मागते.”

ट्रॉलरांना इशारा देण्याची एकच खात्रीची वाट होती. प्रत्येक बोटीवर सक्तीने बसवलेला ट्रॅकर असतो. त्याच्या छोट्या पडद्यावर सरकारी सूचना झळकते आणि वाचली असं बटण दाबेपर्यंत भोंगा वाजत राहतो. पण ती सूचना किनाऱ्यावरच्या कार्यालयातूनच निघते. रेडिओचा उपयोग नव्हता. कोळंबी लागली की दुसऱ्याला जागेचा सुगावा लागू नये म्हणून सगळे रेडिओ बंद ठेवतात. तरी तीनदा हाक मारून झाली. ‘सातेरीप्रसाद’कडून ओ आली नाही. नंदूचा उपग्रह फोन दुपारी एकला, घरी बोलण्यापुरता सुरू होतो.

साडेबाराला कार्यालयातल्या ड्यूटी अधिकाऱ्याचा फोन आला. देवस्थळींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“धोका कोणत्या प्रकारात घालायचा, मॅडम? यादीत खडक आहे, बुडालेलं जहाज आहे, अडथळा आहे. हे कशात बसत नाही.”

“विषारी वायू म्हणून लिहा.”

“मोजलाय का तुम्ही?”

“वायू मोजायचं यंत्र सर्वेक्षण जहाजावर नसतं.”

“मग कसं लिहिणार? शिवाय ‘निर्मळ’चं नाव येता कामा नये, ते वेगळं खातं आहे. थांबा, तळाच्या प्रकारात एक शब्द बसतोय. ‘मऊ तळ’. ‘या भागात मऊ तळ, नोंद घ्यावी’. हे मी अर्ध्या-एक तासात पाठवू शकतो.”

बोलायची परवानगी न मागताच गुरुनाथ बोलला.

“साहेब, मऊ तळ म्हणजे कोळंबी. ट्रॉलरवाले मऊ तळच शोधत असतात. ही सूचना वाचून नव्हते तेही तिथे जातील.”

“कोण बोलतंय?”

“माझे चीफ बोलतायत,” देवस्थळी म्हणाल्या, “आणि बरोबर बोलतायत. हा शब्द पाठवू नका. वरच्यांना विचारून मला दहा मिनिटांत सांगा.”

दहा मिनिटांत फोन आला नाही. एक वाजेपर्यंतही आला नाही.

*

एक वाजून चार मिनिटांनी नंदूचा फोन लागला.

“दादा! आज कसो काय? वयनीन हाकललान काय जहाजार?”

“नंदू, खय आसस?”

“खय म्हणजे? तुझ्याच खळयेत. आणखी एक ओढ घेतलव की फिरतलव. दादा, तुका सांगतंय—”

“ऐक आधी. मासळीच्या खणाचां झाकण उघडू नको. कोणाक खाली उतरू देव नको. थयसर विषारी वायू आसा. कुजक्या अंड्यांचो वास येता तुका?”

नंदू हसला. “तुम्ही नेव्हीवाले म्हणजे ना! सकाळी येय होतो, डोक्यात जाय होतो. आता येणा नाय. गेलो.”

गुरुनाथने टेबलाची कड धरली. समोर उभ्या कप्तानांनी त्याचा चेहरा पाहिला आणि न विचारता ब्रिजला हुकूम दिला. मोजणीला गेलेल्या दोन्ही छोट्या लाँच आहेत तिथेच राहू द्या, जहाज दक्षिणेला वळवा, पूर्ण वेगाने.

“नंदू, वास गेलो नाय. तुझां नाक गेलां. समाजलां? खाली कोण आसा आता?”

“बाबल्यो. बर्फ घालता.”

“तेका वर बोलाव. हाक मार, पण कोणी खाली जाव नकात. वाऱ्याच्या बाजूक उभे रवा.”

“बाबल्या! ए बाबल्या!” नंदूचा आवाज फोनपासून दूर गेला. “अरे बाबल्या, ओ दी मरे! ...दादा, थांब हां. ओ देणा नाय. झोपलो काय बघतंय.”

“नंदू, तू जाव नको! नंदू! दोरी टाक, तू खाली—”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग इंजिनाचा. कोणीतरी धावलं. कोणीतरी काहीतरी ओरडलं, शब्द कळले नाहीत. मग पुन्हा इंजिनाचाच आवाज.

अंतर अकरा सागरी मैल. ‘अन्वेषिका’चा सगळ्यात जास्त वेग ताशी चौदा. म्हणजे पाऊण तासाहून थोडं अधिक. देवस्थळींनी तटरक्षकांना कळवलं आणि दवाखाना तयार ठेवायला सांगितला. एक वाजून बारा मिनिटांनी डिमेलोने जहाजाचं ड्रोन पुढे सोडलं.

गुरुनाथ फोन कानाला लावून आलेखन कक्षात बसून राहिला. त्याने लिहिलेला कागद कप्तानांच्या सहीसह एक वाजून वीस मिनिटांनी किनाऱ्यावर गेला. त्यात तीन वाक्यं होती. प्रणालीने जे वगळलं ते वगळायला तिला मी शिकवलं. माझ्या सहीच्या एकसष्ट चार्टांवर विसंबू नये. वेंगुर्ल्यासमोरच्या सव्वीस वावांच्या खळीत कोणी जाळं टाकू नये. एक वाजून एकवीस मिनिटांनी पोच आली: मिळालं, योग्य त्या विभागाकडे पाठवत आहोत.

एक वाजून बत्तीस मिनिटांनी ड्रोनचं चित्र आलं. ‘सातेरीप्रसाद’ ताशी दीड मैलाच्या वेगाने चालला होता. जाळं पाण्यातच होतं. मधल्या डेकवर उन्हासाठी निळी ताडपत्री ताणलेली होती आणि खणाचं तोंड तिच्याखाली होतं. ते उघडं की बंद, वरून दिसेना. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला तीन माणसं उभी होती. तिघांच्याही अंगात पिवळे रेनकोट, डोक्यावर टोप्या. एक जण दोन्ही हात हलवत होता.

“यांतला भाऊ कोणता, चीफ?” डिमेलोने हळू विचारलं.

गुरुनाथने पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ पाहिलं. रेनकोट त्यानेच आणून दिले होते, सातही एकाच दुकानातून.

“कळत नाही, सर.”

एक वाजून अडतीस मिनिटांनी कक्षातल्या ट्रॅकरच्या मोठ्या पडद्यावर भोंगा वाजला. किनाऱ्यावरून सूचना निघाली होती आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बोटीला मिळाली होती: वेंगुर्ल्यासमोर, सव्वीस वाव, मऊ तळ, नोंद घ्यावी.

डिमेलोने मराठीत एक शिवी दिली आणि ब्रिजकडे धावला. देवस्थळी रेडिओवर आल्या. खळीकडे कोणी येऊ नये, जाळं टाकू नये, खण उघडू नये, असं त्यांनी मराठीत, हिंदीत आणि कोकणीत सांगितलं आणि पुन्हा सांगितलं. कोणाचीही ओ आली नाही.

एक वाजून सेहेचाळीस मिनिटं. ‘अन्वेषिका’ खळीपासून दोन मैलांवर आहे. गुरुनाथच्या कानाला लावलेला फोन चालू आहे आणि त्यातून इंजिनाचा आवाज येतो आहे. नाळेवर सातांपैकी तिघेच आहेत. ट्रॅकरच्या पडद्यावर उत्तरेकडच्या आणखी तीन ट्रॉलरांनी दिशा बदलून खळीचा रोख धरला आहे. ते हात हलवणारा माणूस पाहून निघालेत की सूचना वाचून, हे अजून कळलेलं नाही.